न्हाणीतली रेंज

१

सकाळी नऊ वाजले की इंद्रायणी लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा हातावर घेऊन घरभर हिंडे. पुण्याच्या ऑफिसची रोजची मिटिंग साडेनऊला. तोवर नेट कुठे तग धरतंय ते शोधून ठेवावं लागे.

सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतलं तिच्या आईचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं होतं. गल्लीकडे तोंड करून बाहेरची खोली, तिच्यामागे मधली, मग स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी न्हाणी. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळे उजेड आणि वारा काय तो पुढूनच. मोबाईलची रेंजही पुढूनच येई आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावरून परत फिरे. त्यापलीकडे फोन चालायचा तो फक्त वायफायवर.

राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर फळीवर. पहिल्या आठवड्यात इंद्रायणीने शहाण्या माणसाने करायचं ते सगळं केलं. बंद करून चालू केला, वायर बदलली, पासवर्ड बदलला, फळीवरचा पितळी गणपती हलवून पाहिला. टीव्ही चाले तेव्हा फोन चालत नसे. फोन चालला की लॅपटॉपवर 'जोडले आहे, इंटरनेट नाही' अशी पाटी येई. घरात तीन वस्तू, आणि तिन्ही एका वेळी कधी सुखाने नांदत नसत.

शेवटी तिने एका कागदावर घराचा आराखडा काढला आणि एकेका खोलीत उभं राहून वायफायच्या रेंजच्या काड्या मोजल्या. राउटरच्या पुढ्यात एक. मधल्या खोलीत दोन. स्वयंपाकघरात तीन. न्हाणीच्या दाराशी चारच्या चार.

आपण आकडे उलटे लिहिले असतील म्हणून तिने पुन्हा फेरी मारली. आकडे बरोबर होते. राउटरपासून जितकं लांब जावं तितकी रेंज वाढत होती.

२

आई, म्हणजे शकुंतलाबाई, मार्चमध्ये गेल्या. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर फोनवरून, व्हिडिओवर शिकवलं. एकट्याच राहत. इंद्रायणी त्यांची एकुलती एक, पुण्याला नोकरीला.

मंगळवारी सकाळी त्या न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन मॅक्सीच्या खिशात होता, पण घरातलं नेट आदल्या दिवसापासून बंद होतं. गुरुवारी दारातल्या दुधाच्या तीन पिशव्या बघून समोरच्या शरणम्माने आरडाओरडा केला, तेव्हा लोकांनी दार तोडलं.

कुणीतरी तो फोन फरशीवरून उचलून बाहेरच्या खोलीत आणला. तिथे त्याला मोबाईलची रेंज मिळाली आणि दोन दिवस अडकून पडलेले सगळे मेसेज एका दमात सुटले. पुण्यात, मिटिंगमध्ये बसलेल्या इंद्रायणीचा फोन एकोणीस वेळा थरथरला. 'पडले आहे. उठता येत नाही.' 'शरणम्माला फोन कर.' 'इंद्रा, पाणी.' शेवटचा होता, 'नेट अजून आलं नाही वाटतं.' ती धावत बाहेर आली. आईने लिहिलंय म्हणजे आई आहे, एवढंच तिच्या डोक्यात. तिने फोन लावला. उचलला तो एका अनोळखी पुरुषाने.

नंतर सामान आवरताना तिला आईच्या फोनवरच्या एसएमएसची आठवण झाली. कुणीतरी तो तिला दाखवला होता. सोमवार, सव्वा अकरा. 'आपली तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे. धन्यवाद.'

यातली मेख कुणालाही माहीत असते. नेटची तक्रार केली की आपल्या फोनवर चार आकडी कोड येतो. माणूस घरी येतो, दुरुस्ती करतो, मग आपण त्याला कोड सांगायचा, की तक्रार बंद. हा झाला कागदावरचा नियम. प्रत्यक्षात तो माणूस आधी फोन करतो, 'कोड तेवढा सांगून ठेवा, येतोच संध्याकाळपर्यंत.' आणि आपण सांगतो. माणूस गरीब, उन्हातान्हात फिरतो, कशाला त्याची अडवणूक. संध्याकाळ येते, माणूस येत नाही. आणि तक्रार तर केव्हाच सुटलेली असते.

इंद्रायणी तीनदा नेट देणाऱ्या केबलवाल्यांच्या ऑफिसात जाऊन आली. तिन्ही वेळा त्यांनी रेकॉर्ड दाखवलं आणि कानांवर हात ठेवले. नेट मध्येच आपोआप परत आलं होतं, दुरुस्तीला कुणीच फिरकलं नव्हतं. तेव्हा तिने ठरवलं, पुण्याला जायचं नाही. त्या दिवशी ज्याने कोड घेतला त्या माणसाला या घरात उभं करायचं आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं की तो आला नाही, आणि म्हणून तिची आई मेली. मग घराला कुलूप लावता येईल. तिला हवं होतं ते एवढंच. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

३

तिने एक दिवस राउटरची पिन उपटली आणि फोन घेऊन मागे गेली. न्हाणीच्या दाराशी 'शकुंतला घर' हे नेटवर्क तसंच दिसत होतं. चारही काड्या.

फोन जुनी नावं लक्षात ठेवतो, तिने मनाशी म्हटलं. शेजारी कुणीतरी हेच नाव ठेवलं असेल. न्हाणीतल्या पाण्याच्या लोखंडी टाकीवरून लहरी परतत असतील. कारणं एकामागून एक सुचत गेली आणि प्रत्येक कारण पाच-पाच मिनिटं टिकलं.

मग तिने पिन परत लावली आणि राउटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली. तिचा फोन. तिचा लॅपटॉप. टीव्ही. चौथं नाव होतं 'शकुंतलाबाईंचा फोन'.

तो फोन मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली होता. तेराव्यानंतर त्याला चार्जर लागलेला नव्हता. तिने कपाट उघडलं. फोन बंद होता. बटण दाबून धरलं तरी काळाच राहिला. फक्त त्याच्या काचेवर पाण्याचे बारीक थेंब होते, आणि त्याच्याखालची साडी कोरडी ठणठणीत होती.

सोलापूरचा एप्रिल. बाहेर बेचाळीस डिग्री. त्या कपाटात दव पडायला काही कारण नव्हतं.

तिने यादीतल्या चौथ्या नावावर बोट ठेवून त्याला काढून टाकलं. तत्क्षणी टीव्ही अडकला, लॅपटॉपचं नेट तुटलं आणि हातातल्या फोनवरची काडीही गेली. यादीत एकच नाव उरलं, आणि ते तिचं नव्हतं.

खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. ती दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी धरती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण तिला बरं वाटलं. आईसुद्धा गप्प बसलेली नाही, असं काहीसं वाटून तिच्या जिवाला थंडावा मिळाला. ती पुढे गेली आणि बाहेरच्या दारात उभं राहून तिने तक्रार नोंदवली. ऑफिसातल्या मुलीला एवढंच सांगितलं की या भागाचा मार्चमध्ये जो माणूस होता, त्यालाच पाठवा.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्याचा फोन आला. आवाज घाईतला. त्याने आधी कोड मागितला. तिने सांगितलं, आलात की देते. पलीकडून एक सुस्कारा आला.

अर्ध्या तासाने तो दारात होता. तिशीचा, काटक, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. नाव जोतिराम. वैरागकडचा. दाराशी चपला काढून आत आला आणि फळीवरचा राउटर बघता बघता त्याचे हात थांबले. त्याने घर ओळखलं नव्हतं, कारण तो इथे कधी आलाच नव्हता. पण भिंतीवर हार घातलेला फोटो होता आणि खाली नाव होतं.

इंद्रायणी वाट बघत होती तो क्षण हाच. तिने विचारलं, मार्चमध्ये सोमवारी तुम्हीच कोड घेतला होता ना.

तो नाकबूल करील, ऑफिसकडे बोट दाखवील, अशी तिची तयारी होती. दीड महिना ती त्याच भांडणाची तालीम करत होती. पण जोतिरामने मान खाली घातली आणि सांगत गेला. त्या दिवशी त्याच्याकडे बावीस तक्रारी होत्या. चार तासांत बंद झाली नाही तर साहेब सगळ्यांदेखत आयमाय काढतात. नंतर तो अक्कलकोट रोडला एमआयडीसीत अडकला आणि रात्री थेट घरी गेला. दुसऱ्या दिवशी यादीत हे घर नव्हतंच, कारण तक्रार सुटलेली होती. बाई गेल्याचं त्याला आठवड्याने कळलं.

"चुकलं ताई माझं," तो म्हणाला. "मी यायला पायजे हुतं. मी आलो न्हाय."

झालं. हवं होतं ते वाक्य मिळालं. इंद्रायणी थांबली, आतलं काहीतरी सैल पडेल म्हणून. काहीच सैल पडलं नाही.

आणि मग, मनावरचं ओझं एकदा उतरायला लागलं की माणूस सगळंच उतरवतो तसं, जोतिराम पुढे बोलला.

"बाई लई खमक्या हुत्या. कोड देतच न्हवत्या. म्हणल्या, काम बघितल्याबिगर मी सही करत नसते. मी लई गयावया केली. मग म्हणल्या, थांब, पोरीला इचारते. दोन मिन्टांनी त्यांनीच फोन केला. म्हणल्या, घे बाबा, पोरगी म्हणती देऊन टाक."

५

मार्चमधला तो सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. इंद्रायणीने मिटिंगचा माईक बंद केला होता आणि फोन कानाशी धरला होता. आई बाहेरच्या दारातून बोलत होती, मागे रिक्षांचा आवाज येत होता. तो माणूस आधीच कोड मागतोय गं, देऊ का? आणि तिने म्हटलं होतं, दे ना आई, देऊन टाक, मला मिटिंग आहे. त्यानंतर गुरुवारपर्यंत तिने फोन केला नव्हता.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात नाही, शरणम्माला नाही. दहाव्याला, तेराव्याला लोकांना एसएमएस दाखवताना नाही. हळूहळू ते घडलंच नाही असं झालं होतं. आणि आता ते ठाऊक असलेला एक माणूस तिच्या पुढ्यात पेचकस हातात घेऊन उभा होता.

तिला त्याचा आधी राग होता. आता जे आलं ते रागापलीकडचं होतं.

जोतिरामला त्यातलं काही कळलं नाही. बोलून टाकल्यामुळे तो हलका झाला होता आणि कामाला लागला होता. त्याने आपल्या फोनवर रेंज मोजायला घेतली आणि बुचकळ्यात पडला. राउटरपाशी काहीच नाही. तो एकेक पाऊल मागे सरकत मधल्या खोलीत गेला, मग स्वयंपाकघरात. बारा वर्षं हे काम करतोय पण असलं काही बघितलं नाही, असं म्हणत, फोन पुढे धरून तो न्हाणीत शिरला.

"ताई, हितं तर फुल हाय की," आतून त्याचा आवाज आला.

न्हाणीच्या दाराला बाहेरून कडी होती. इंद्रायणीने दार ओढलं आणि कडी घातली.

६

आधी तो हसला. दार लागलं वाटतं ताई, म्हणाला. मग त्याने दोन थापा मारल्या. मग जोरात चार. त्याने फोन करून पाहिला असणार, कारण आत कुठेतरी लागत नसलेल्या फोनचे टूं-टूं ऐकू आले.

"ताई, चेष्टा नका करू. उघडा की."

"दोन दिवस बसा," इंद्रायणी म्हणाली. "मग उघडते."

हे शब्द आपल्या तोंडून आले याचं तिला नवल वाटलं नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. आत थापा चालू होत्या, मग शिव्या, मग विनवण्या. घरी लेकरू हाय, म्हणाला. आणि मग एकदम, वाक्याच्या मध्यावर, तो थांबला.

नळाची धार सुरू झाली आणि बंद झाली. त्यानंतर तो बोलायला लागला, पण दाराकडे तोंड करून नाही. आवाज खाली, फरशीच्या दिशेने जात होता. शाळेत उभं केलेला पोरगा बोलतो तसा.

"व्हय बाई," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "न्हाय बाई."

तो घाबरवतोय, तिने स्वतःला बजावलं, आपण कडी घातली म्हणून तो नाटक करतोय. तिने पुढे होऊन कडी काढली आणि दार ढकललं. दार हललं नाही. आतला बोल्ट लावलेला होता.

"बोल्ट काढा," ती म्हणाली.

"मी लावला न्हाय, ताई." त्याचा आवाज रडका झाला होता. "मी त्याला हातसुदीक लावला न्हाय."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आईचं नाव होतं आणि आईने स्वतः लावलेला जास्वंदीचा फोटो. उचलू नये हे तिला कळत होतं. बोटाला कळलं नाही.

पडद्यावर न्हाणीची फरशी होती. फोन फरशीला टेकवून कुणी आडवं बघावं तशी. ओल्या फरशीवर दोन अनवाणी पावलं, वर दुमडलेली पँट. पावलं मागे सरकायला बघत होती आणि सरकत नव्हती, कारण डाव्या घोट्याभोवती बोटं होती. सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहून पांढरी पडलेली. तर्जनीला खडूने पडतो तसा घट्टा.

"आवाज येतोय का?" फोनमधून कुणीतरी विचारलं. त्या स्वरात राग नव्हता. तास सुरू करताना आई पोरांना विचारे तसाच, सरळ.

इंद्रायणीने कॉल तोडला. आत काहीतरी जड आपटलं, आणि जोतिराम असा ओरडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

ती पुढे पळत आली. समोरच्या ओट्यावर शरणम्मा मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिने मान वर केली.

"एन आयतु गं इंद्रा?" ती घाबरून म्हणाली. "काय झालं? कोण ओरडलं?"

एक शब्द पुरे होता. शरणम्माचे दोन्ही मुलगे जेवायला घरी आलेले होते. त्या गुरुवारी दार तोडायला पुढे झालेले हेच दोघे. त्यांनी न्हाणीचं दार एका धक्क्यात पाडलं असतं, जोतिरामला बाहेर काढलं असतं आणि पाणी पाजून विचारलं असतं, काय झालं सांग. आणि त्याने सगळं सांगितलं असतं. कोडाचंसुद्धा.

"काही नाही, मावशी," इंद्रायणी म्हणाली. "नेटवाला आलाय. बोटाला शॉक बसला त्याच्या."

शरणम्माने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सूप उचललं, ऊन फार झालंय असं पुटपुटत आत गेली आणि दार लावून घेतलं.

७

किती वेळ गेला ते इंद्रायणीला कळलं नाही. ती बाहेरच्या खोलीत उभी होती. मागे आता कुणी ओरडत नव्हतं. हळू आवाजात बोलणं चालू होतं, एकट्या जोतिरामचं, मध्ये मध्ये थांबून, ऐकून घेऊन.

मग बोल्ट सरकल्याचा आवाज आला.

तो एकेक खोली ओलांडत पुढे आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. चेहरा पुसून काढल्यासारखा, त्याच्यावर भीतीसुद्धा शिल्लक नव्हती. चालताना डावा पाय तो जरा ओढत होता. घोट्यावर चार निळे वळ होते. हत्यारांची पिशवी त्याने उचलली नाही. इंद्रायणीने दार अडवलं नाही, पण ती दारातच होती, आणि तो तिच्यापाशी येऊन थांबला.

"म्या समदं सांगितलं त्यास्नी," तो म्हणाला. "काय काय झालं ते. त्यांनी नीट ऐकून घेतलं." तो श्वास घ्यायला थांबला. "मग म्हणल्या, तू खरं बोललास, तू जा. आन् इचारलं, पोरगी कुटं हाय."

"तुम्ही काय सांगितलं?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत सूड होता का कीव, हे तिला ओळखता आलं नाही.

"बाहीरच्या खोलीत हाय, म्हणलं. दाराशी."

तो पायरी उतरला. चपला घातल्या नाहीत. तापलेल्या गल्लीतून अनवाणी, लंगडत, तो वळणापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. दुपारचे दोन वाजले होते. सगळ्या पेठेची दारं उन्हासाठी बंद होती.

तिच्या मागे टीव्ही आपोआप लागला. टेबलावरचा लॅपटॉप जोडला गेला. हातातल्या फोनवर एक काडी होती. ती बघत असताना दुसरी आली.

स्वयंपाकघराकडून घसटल्याचा आवाज येत होता. ओलं काहीतरी शहाबादी फरशीवरून ओढत न्यावं तसा. हातभर अंतर, मग विश्रांती. मग पुन्हा हातभर.

गल्लीत उतरायला तिला एक पाऊल पुरलं असतं. तिने ते उचललंही. मग ते तसंच परत खाली ठेवलं आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. काय सांगायचं ते मनाशी जुळवू लागली. मिटिंग होती हे खरं होतं. बाकीचं जुळत नव्हतं.

तिसरी काडी आली. आवाज मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबला आणि दम खाऊ लागला. त्या दोन दिवसांत आईला न्हाणीचा उंबरासुद्धा ओलांडता आला नव्हता. आता तिला कसलीच घाई नव्हती.